वाळवंटातला आकाशदेव: आधी एवढंच कर

मित्रा, आपल्या काल्पनिक जग रचायच्या खेळासाठी तू बनवलेली वाळवंटातली टोळी झकास जमलीय. पण तुझा आकाशदेव पक्का मुंबईकर झालाय! सारखा गडगडतो, धो धो कोसळतो. आपल्याकडे वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जैसलमेरला जेमतेम २००च्या आसपास. वाळवंटातल्या माणसाला आकाश म्हणजे आधी ऊन, मग तारे.

सुरुवातीला इतकंच धर:

१. लोकांना देवाकडून काय हवंय? सावली, की वाट? ढग नसल्याने वाळवंटात रात्री जमीन झपाट्याने गार होते, तारे लख्ख दिसतात. म्हणून प्रवास रात्रीचा, आणि जागचा न हलणारा ध्रुव हाच देवाचा डोळा. इथून पूजा आपोआप सुचते. तांडा निघण्याआधी सगळे उत्तरेकडे तोंड करून गप्प उभे, असं काहीतरी.

२. पाणी जपून! देवाला घागर कोण ओतेल? एक थेंब पुरे. माझ्या पहिल्या खेळात मी चक्क अभिषेक घातला होता. दादरच्या आमच्या कंपूने वर्षभर चिडवलं.

३. देऊळ नको. टोळी भटकी आहे ना?

नवखे हमखास वंशावळ, बारा सण आणि लिपी आधी करत बसतात. ते राहू दे. तेंग्री या आकाशदेवाबद्दल जरूर वाच, पण तो गवताळ मैदानांतल्या मंगोल-तुर्क लोकांचा. उचलून वाळूत ठेवू नकोस.

रविवारी रात्रीच्या पूजेचा एकच प्रसंग लिहून आण. दिव्याला तेल कुठून आलं, तेही सांग.