रिपोर्टात ई. कोलाय आला, आता काय करू?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्या चार वर्षांच्या मुलाला मागच्या आठवड्यात पाण्यासारखे जुलाब झाले. रक्त नव्हतं, थोडी कणकण होती. ओआरएस आणि पेजेवर तिसऱ्या दिवशी तो खेळायला लागला. संडासचा नमुना सकाळी सहाला घेतला होता, लॅबमध्ये अकराला पोचला. आता कल्चरमध्ये ‘ई. कोलाय’ आलाय, खाली अँटिबायोटिकची लांबलचक यादी, निम्म्यांपुढे ‘रेझिस्टंट’. साध्या तपासणीत ‘ई. हिस्टोलिटिकाच्या सिस्ट’ असंही लिहिलंय. शेजारच्या काकू म्हणतात, इंजेक्शनांचा कोर्स करून टाका, नाहीतर जंतू आतच राहील.
— एक आई, बार्शी

उत्तर : इंजेक्शन नको, गोळी नको, पातळ औषधही नको. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू, तो तुमच्या मुलाच्या आतड्यात आहे, तुमच्या आहे आणि काकूंच्याही आहे. (हे काकूंना सांगू नका, त्या स्वतःला कोर्स लावून घेतील.) त्याच्या काही जातींमुळे जुलाब होतात हे खरं, पण त्या साध्या कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघण्यात, वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यासाठी पीसीआर ही जनुकं तपासणारी चाचणी लागते. जंतूवर कोणतं औषध चालेल आणि कोणतं नाही (रेझिस्टंट) हे सांगणारी अशी यादी लघवीच्या कल्चरखाली कामाची असते. संडासात साधा ई. कोलाय निघाला म्हणून ती जोडायची, हे माझ्या मते चूकच. तरी काही लॅब जोडतात, कारण कोरा रिपोर्ट हातात दिला की लोक विचारतात, मग पैसे कशाचे घेतले?

सकाळी आम्ही लॅबमध्ये जंतू वाढवायची उबदार पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, उघडतो तेव्हा मॅकॉन्की नावाची प्लेट जंतूंच्या गुलाबी ठिपक्यांनी भरलेली असते. तो बहुतेक ई. कोलायच, त्याच्याकडे आम्ही ढुंकून बघत नाही. त्या गर्दीत एखादा फिकट, बिनरंगाचा ठिपका आहे का, ते शोधायचं. तो साल्मोनेला किंवा शिगेला या जुलाबाच्या जंतूंपैकी असू शकतो, मग त्याच्या पुढच्या चाचण्या. कॉलऱ्याचा संशय असेल तर टीसीबीएस नावाची हिरवी प्लेट वेगळी लावतो, तिच्यावर त्याचे ठिपके पिवळे येतात. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा आणखी एक जंतू त्याहून नखरेल. त्याला 42 अंश तापमान आणि कमी ऑक्सिजन लागतो, मुद्दाम सोय केली नाही तर तो उगवतच नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘स्टूल कल्चर’ न लिहिता संशय कशाचा आहे, तेही डॉक्टरांनी लिहावं. विषाणू तर या प्लेटांवर येतच नाहीत, आणि तुम्ही सांगता त्यावरून मुलाचे जुलाब बहुधा विषाणूचेच होते.

आता सिस्ट, म्हणजे अमिबाचं कवचातलं रूप. आजार करणारा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार, दोन्ही अमिबांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. खात्री पटते ती रक्ताच्या लाल पेशी गिळलेला, हलणारा अमिबा दिसला तर. पण पातळ नमुना साधारण अर्ध्या तासात बघितला तरच तो सापडतो, तुमचा पाच तासांनी पोचला. शंका छळत असेल तर हिस्टोलिटिकाची अँटिजेन चाचणी (नमुन्यात त्याचंच प्रथिन शोधणारी) करा. ती पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर औषध देतील, नाहीतर हा विषय सोडा.

उपचार म्हणाल, तर मुख्य काम तुम्ही घरीच केलंत. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं, चिमटी-चिमटीने नाही, आणि ते पाणी 24 तासांत संपवायचं. झिंक दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. या वयाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी. अँटिबायोटिक लागतं ते रक्ती आव आणि ताप असेल तेव्हा, किंवा कॉलऱ्याच्या गंभीर आजारात. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना ‘जंतू आणि अमिबा दोन्हींवर’ म्हणून जोडऔषध लिहून देतात, त्याचा मला मनापासून राग आहे.

पुन्हा तपासणी नको. बांधून झालेल्या शौचाचं कल्चर करण्यात काही अर्थ नाही. पुढे कधी रक्त पडलं, ताप चढला, मूल सुस्त झालं किंवा सहा तास लघवीला गेलं नाही, तर लगेच दवाखाना गाठा. नमुना द्यायचाच झाला तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्या. पोचायला उशीर होणार असेल तर लॅबकडून कॅरी-ब्लेअरची (जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाची) नळी आधीच मागून आणा, कारण शिगेला उघड्या डबीत काही तासांतच मरतो.