टाच दुखते, चिखल्या झाल्यात आणि आईच्या अंगठ्याखाली कुरूप आहे, यातलं डॉक्टरला नक्की काय दाखवायचं?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत राहता, दिवसभर दुकानात उभं राहायचं काम, सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कळ जाते, पावसामुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात, आणि मग अगदी शेवटी एका ओळीत, आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, तिच्या अंगठ्याखाली कुरूपासारखं काहीतरी झालंय, मधे काळं दिसतंय, पण दुखत नाही म्हणून ती "बघू नंतर" म्हणते.

मी उलट्या क्रमाने उत्तर देणार आहे. तुमची टाच महिनाभर थांबली तरी चालेल, आईला मात्र उद्याच्या उद्या दाखवा.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, ठाण्यात राहते. पण आमच्याकडे सासऱ्यांच्या पायापायी अडीच महिने ड्रेसिंग चाललं त्यामुळे या विषयात नको तेवढी माहिती झालीय. अण्णांना तेव्हा बावीस वर्षं शुगर होती. एका सकाळी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, पेपर उघडून बसले, आणि मला दारापासून सोफ्यापर्यंत लादीवर लाल ठिपके दिसले. मला वाटलं बीट फुटलं पिशवीत. पुसायला वाकले तर ठिपके अण्णांच्या पायाशी संपत होते. तळव्याला, दुसऱ्या बोटाच्या खाली भोक पडलेलं, आणि ते म्हणतायत "मला काहीच कळलं नाही गं". बाजारात काच लागली असेल असं धरून आम्ही हळद भरली, पट्टी बांधली आणि चार दिवस घालवले, ते चार दिवस मला अजून खुपतात. इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं होतं, बोट काढावं लागलं.

शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होत जातात, आधी बोटांची टोकं, मग वर चढत. त्यामुळे तुमची आई "दुखत नाही" म्हणते ते तिला चांगलं लक्षण वाटतंय पण मला त्याचीच भीती वाटते. कुरुपाच्या आत काळं किंवा लालसर दिसतं ते बऱ्याचदा कातडीखाली झिरपलेलं रक्त असतं, वरची टणक कातडी दाबून दाबून आतला भाग फुटलेला असतो आणि वरून दिसतो फक्त डाग. त्यामुळे ब्लेडने कापायचं नाही, आणि मेडिकलमध्ये ती कॉर्न कॅप मिळते ना, गोल पट्टी, ती तर मुळीच लावायची नाही, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं आणि ते कुरुपाबरोबर शेजारची चांगली कातडीही जाळतं. ज्याला दुखतं तो माणूस ती काढून फेकतो, ज्याला दुखतच नाही तो आठवडाभर ठेवतो. शुगर नसलेल्या तरुण माणसाने लावली तर ठीक, पण चप्पल तीच टोचणारी ठेवली तर कुरूप परत येतंच.

घरी आज एक करून बघा. आईला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळीच्या टोकाला बोटाने अलगद, दाबायचं नाही, एक सेकंद नुसतं टेकवा आणि कळलं की सांग म्हणा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरा. दवाखान्यात हेच नायलॉनच्या बारीक दोऱ्याने करतात, पाच मिनिटांचं काम, पण कितीतरी शुगरच्या पेशंटचे मोजे डॉक्टरांपुढे कधी उतरतच नाहीत, रिपोर्ट दाखवायचा, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि निघायचं. तुम्हीच म्हणा, पाय बघा.

अजून एक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. शुगरच्या माणसाचा एकच पाय अचानक गरम, लाल, सुजलेला झाला आणि दुखणं नाही किंवा अगदी किरकोळ, तर "मुरगळला असेल" म्हणून शेकत बसू नका. आत हाडं मोडत असू शकतात आणि माणूस त्यावर आरामात चालत असतो. त्याच दिवशी दाखवायचं, आणि तोवर त्या पायावर भार नाही. तसंच जखमेला वास येणं, लाली रोज वर सरकणं, ताप, बोट काळं किंवा निळं पडणं, पाय अचानक थंडगार आणि पांढरा पडणं, यात अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि हे शुगर असो नसो. आणि हो, पाय शेकायचं गरम पाणी कोपराने तपासायचं, पायाने नाही, बधिर पाय भाजला तरी कळत नाही. देवळाच्या आवारातली मे महिन्यातली फरशी पण त्यातच आली. नवरात्रात अनवाणी राहायचा नेम असेल तर आईशी भांडा, देवी समजून घेईल.

आता तुमची टाच. हे मला स्वतःला झालंय, दिवसाला सहा तास उभं राहून शिकवायचं आणि पायात राम मारुती रोडवरून घेतलेली पापडासारखी सपाट चप्पल. टाचेपासून चवड्यापर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो, रात्री आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला गेला की ती कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते. माझा एक्सरे काढला, त्यात "हाड वाढलंय" निघालं आणि मी ऑपरेशनच्या विचाराने आठवडाभर झोपले नाही. नंतरच्या ऑर्थोने, म्हणजे हाडांच्या डॉक्टरने, सांगितलं की असं वाढलेलं हाड अजिबात दुखत नसलेल्या लोकांमध्येही दिसतं, फोटो बघून घाबरायचं नाही. मला उपयोगी पडलं ते म्हणजे पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हाताने धरून स्वतःकडे ओढायची, तीस सेकंद, तीन-चार वेळा, मग दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, संध्याकाळी फ्रिजमधली गार बाटली तळव्याखाली फिरवायची. आणि घरात चप्पल. यावरून आमच्याकडे महाभारत झालं, सासूबाई म्हणे घरात चपला घालून फिरायचं म्हणजे काय, शेवटी घरापुरता वेगळा जोड आणला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालतो तो. या गुळगुळीत लाद्यांवर अनवाणी उभं राहणं टाचेला फार महागात पडतं हो. आठ महिने लागले मला. बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय बरं होतं पण धीर लागतो. टाच सुजली, रात्री झोपेतही दुखायला लागली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, किंवा महिनाभर हे सगळं करून काहीच फरक नाही तर ऑर्थोला दाखवा.

चिखल्या. ही बुरशी आहे, ओल्या बुटात दिवसभर कोंडलेल्या पायांना होते आणि पावसाळ्यात ट्रान्स हार्बर लोकलच्या अर्ध्या डब्याला असेल. करंगळीच्या शेजारच्या बेचक्यात पांढरं, फुगलेलं, खाज. क्लोट्रिमाझोलची साधी क्रीम दिवसातून दोनदा, आणि इथेच सगळे चुकतात, दिसायला बरं झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची. मेडिकलवाला देतो ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब घेऊ नका, ट्यूबवरच्या घटकांत क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असेल तर त्यात स्टेरॉइड आहे, दोन दिवसांत खाज गायब आणि महिन्याने तेच जांघेपर्यंत. अंघोळीनंतर बेचके टॉवेलने कोरडे करा, मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत ठेवा, बूट दोन असतील तर आलटून पालटून. मेंदी लावतात आमच्या गावाकडे, गार वाटतं खरं, पण चिरलेल्या कातडीवर नको आणि ती काळी केमिकलवाली तर नकोच. आईच्या बेचक्यातही बघून ठेवा, चिरेतून इन्फेक्शन आत शिरतं.

आणि चिखल्या किंवा भेगा असताना साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा, धोका. उंदराचं मूत्र पाण्यात, तिथून चिरेतून आत. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोची साथ आली ते मुंबईत राहणाऱ्यांना आठवत असेल. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून घ्या, प्रतिबंधक गोळी असते, स्वतःच्या मनाने नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे वाक्य आधी बोला.

बाकीचं पटकन. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, नाहीतर नख मांसात घुसतं, पू झाला तर दाखवा. टाचांच्या भेगांना रात्री युरियाची क्रीम किंवा कोकमतेल, रक्त येत असेल तर डॉक्टर. रात्रीत अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरही सहन होत नसेल तर बहुधा गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, पण पहिल्यांदा झालं तर त्याच दिवशी दाखवा कारण सांध्यातलं इन्फेक्शनही असंच दिसतं, आणि त्या दिवशी यूरिक ॲसिड नॉर्मल आलं म्हणून गाऊट नाही असं नसतं. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर मालिश नाही, एक्सरे. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी, आणि सोबत दम लागत असेल तर इमर्जन्सी. दोन्ही पायांना सूज असेल तर बीपीची गोळी चालू आहे का बघा, ॲम्लोडिपिनने येते, पण गोळी आपली आपण बंद करायची नाही, आणि किडनी-हृदयही तपासून घ्यायचं.

आईला उद्या नेताना नाश्ता देऊन न्या, शुगरच्या माणसाला ओपीडीच्या लायनीत उपाशी उभं करू नका. आणि रोजची चप्पल घालूनच न्या, चांगली दिसणारी नवीन नको. अण्णांना आम्ही पट्टी बांधून अनवाणीच रिक्षात घातलं होतं, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चप्पल कुठंय?" नवरा परत घरी गेला, घेऊन आला. त्यांनी ती उलटी केली, तर तळात खिळा. टोक आतल्या बाजूला घासून अगदी गुळगुळीत झालेलं, म्हणजे तो त्या दिवशीचा नव्हताच.