कंपनीकडून मदत घेताना

इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी ब्रेकर (बिघाड झाल्यावर वीज तोडणारा) आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) निवडताना नुसत्या कॅटलॉगवर थांबू नकोस. मोठ्या उत्पादकांकडे अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर असतात. सेल्सवाल्याला मध्ये ठेव, पण तांत्रिक प्रश्न थेट त्यांनाच विचार.

मोटर फीडर, म्हणजे मोटरला वीज देणारं सर्किट असेल, तर टाइप २ कोऑर्डिनेशनचा (शॉर्ट सर्किटनंतरही साधनं पुन्हा वापरता येतील अशा जोडणीचा) तक्ता मागून घे. आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही चाचणी ठरावीक ब्रेकर किंवा फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद पाडणारा) एकत्र लावूनच होते. त्यातला एक नग दुसऱ्या कंपनीचा घातलास, की रेटिंग तंतोतंत जुळलं तरी त्या तक्त्याचा आधार गेला. खरेदी विभाग नेमकं इथेच ‘इक्विव्हॅलंट’ सुचवतो; ऐकू नकोस. ब्रेकर-ब्रेकरमधल्या सिलेक्टिव्हिटीचंही, म्हणजे बिघाडाजवळचाच ब्रेकर पडावा यासाठीच्या जुळणीचंही तेच.

प्रश्नासोबत सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा), फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटमध्ये किती करंट येऊ शकतो ते), पॅनेलच्या आतलं तापमान आणि साइटची उंची पाठव. २००० मीटरच्या वर सहसा डीरेटिंग लागतं, म्हणजे रेटिंग कमी धरावं लागतं. ‘कुठला ब्रेकर लावू?’ एवढंच विचारलंस, तर उत्तरही तेवढंच येईल. आणि ते लेखी घे. फोनवरचं ‘चालेल हो’ फाइलला लावता येत नाही.

वॉट लॉसचे (साधनातून उष्णता म्हणून वाया जाणाऱ्या विजेचे) आकडे, थ्रीडी मॉडेल वगैरे बहुतेकदा वेबसाइटवरच सापडतात. मॉडेल लवकरच बंद होणार आहे का, हे मात्र ड्रॉइंग फायनल करण्याआधी विचार.