वाचकांचे प्रश्न : फेची कॅसेट कुणी पाठवली?

मागच्या अंकात 'काउबॉय बीबॉप' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल 2071. पृथ्वी जवळजवळ ओसाड झालेली, माणसं मंगळावर आणि गुरूच्या चंद्रांवर राहायला गेलेली. बीबॉप नावाच्या जुन्या जहाजावरचे स्पाइक, जेट, फे ही मोठी माणसं, एड ही पोरगी आणि आइन हा कुत्रा गुन्हेगार पकडून बक्षिसाच्या पैशांवर पोट भरतात, आणि बहुतेक वेळा उपाशीच राहतात. एकूण 26 भाग. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो यांचं. पुढे शेवटाबद्दलही लिहिलं आहे, तेव्हा ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी आधी ती पाहावी आणि मग हे पान उघडावं.

स्पाइक शेवटी मरतो का? आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत. (सांगलीहून दोघी बहिणी)

पत्रांच्या निम्म्या गठ्ठ्यात हाच प्रश्न आहे. शेवटच्या भागात स्पाइक जखमी अवस्थेत जिना उतरतो, बोटांची बंदूक करून 'बँग' म्हणतो आणि कोसळतो. मग कॅमेरा वर वर जातो, आभाळ येतं, आणि सगळ्यात शेवटी एक तारा विझतो. लाफिंग बुल हा म्हातारा प्रत्येक माणसाचा एक तारा असतो असं सांगतो, हे लक्षात असेल तर विझलेला तारा कुणाचा हे वेगळं विचारावं लागत नाही. वातानाबे यांनी मात्र तो मेला असा शिक्का मारलेला नाही, निर्णय प्रेक्षकावर सोडला आहे.

माझ्या मते तो गेला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते निघण्याआधीचं त्याचं बोलणं. फे त्याला अडवते तेव्हा तो सांगतो, मरायला नाही चाललो, मी खरंच जिवंत आहे का ते बघायला चाललोय. त्याचा एक डोळा खोटा आहे. एका डोळ्याने भूतकाळ दिसतो आणि दुसऱ्याने वर्तमान, हे तो त्याच वेळी फेला सांगतो. सव्वीस भाग हा माणूस अर्धवट झोपेत वावरत होता. त्या रात्री तो जागा झाला. तुमच्या दोन तटांपैकी कुठलाही बरोबर असो, हे बदलत नाही.

त्याच भागात तो जेटला मांजराची गोष्ट सांगतो. ती कुठली? (कोल्हापूर)

योको सानो यांच्या 1977 सालच्या जपानी चित्रपुस्तकातली. दहा लाख वेळा जन्मलेल्या आणि दहा लाख वेळा मेलेल्या पट्टेरी बोक्याची गोष्ट आहे. जपानमधली कित्येक मुलं ती ऐकत मोठी झाली आहेत. बोक्याला कुठल्याच मालकाबद्दल काही वाटत नाही. मग तो कुणाचाच नसलेला, रस्त्यावरचा बोका होतो, एका पांढऱ्या मांजरीवर जीव लावतो, ती मेल्यावर रडून रडून मरतो आणि पुन्हा कधी जन्मत नाही. गोष्ट संपवून स्पाइक म्हणतो, मला मांजरं आवडत नाहीत. दोघेही हसतात. मग तो निघून जातो. जपानी प्रेक्षकाला त्या हसण्याच्या वेळीच कळलेलं असतं की हा आता परत यायचा नाही.

'वाइल्ड हॉर्सेस' भागातलं अवकाशयान खरंच 'कोलंबिया' आहे का? (नागपूरहून विज्ञान शिकवणारे एक शिक्षक)

हो सर, तेच. एकोणिसावा भाग. स्पाइकचं छोटं यान निकामी होऊन पृथ्वीकडे कोसळू लागतं, आणि डूहान नावाचा म्हातारा मेकॅनिक वाळवंटातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं जपलेलं कोलंबिया बाहेर काढून त्याला वाचवतो.

खरं कोलंबिया पहिल्यांदा उडालं 12 एप्रिल 1981 ला. नोव्हेंबर 1997 मध्ये कल्पना चावला त्याच यानातून पहिल्यांदा अवकाशात गेल्या, आणि पाच महिन्यांनी, एप्रिल 1998 मध्ये, जपानमध्ये ही मालिका सुरू झाली. एकोणिसावा भाग तिथे दिसला तो 1999 मध्ये. म्हणजे ज्यांनी हे यान चित्रात काढलं त्यांच्या दृष्टीने ते थकलेलं पण भरवशाचं वाहन होतं, एखाद्या जुन्या घरच्या जीपसारखं. 16 जानेवारी 2003 ला ते शेवटचं उडालं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. 1 फेब्रुवारीला परत येताना त्या भगदाडातून तापलेला वायू पंखात शिरला आणि यान तुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले.

मी हा भाग पाहिला तो 2006 मध्ये, पुण्यातल्या हॉस्टेलवर मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर. यानाचं नाव पडद्यावर आलं आणि खोलीतल्या आम्ही चौघी एकदम गप्प झालो. 2003 साली आम्ही दहावी-बारावीत होतो, शाळेच्या फळ्यावर कल्पना चावलांचा फोटो चिकटवलेला होता. मालिकेतलं कोलंबिया धडपडत का होईना, खाली उतरतं. आतली माणसं जिवंत बाहेर येतात. तुमच्या विद्यार्थ्यांना हा भाग जरूर दाखवा, आणि त्याआधी तारखा सांगा.

बीबॉपवर माणसं जमिनीवर चालावं तशी कशी चालतात? (इयत्ता नववी, बार्शी)

जहाजाचा एक भाग गोल फिरत राहतो, बैठकीची खोली त्यातच आहे. पाण्याने भरलेली बादली जोरात गरगर फिरवून बघ, उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. तेच तत्त्व. जहाजाचा जो भाग फिरत नाही तिथे सगळे तरंगताना दिसतात, पुढच्या वेळी नीट बघ. आणि बादली अंगणात फिरव, घरात नको.

जहाज पाण्यावर का उतरतं? (हर्णै)

कारण ते मुळात मासेमारीचं जहाज आहे. गॅनिमीड या गुरूच्या चंद्रावरचा ट्रॉलर, जेटने घेऊन वापरात आणलेला. मी रत्नागिरीची, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लहानपणी रोजचं येणं-जाणं. बीबॉपचा गंजलेला पत्रा, इकडे तिकडे पडलेले दोर आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त्या करत बसलेला जेट बघितला की मला तो धक्काच आठवतो. अवकाशातली जहाजं चकचकीत दाखवायची पद्धत असताना या लोकांनी ट्रॉलर निवडला, याबद्दल त्यांना शंभर गुण.

फेची कॅसेट कुणी पाठवली? आणि बीटामॅक्सच का? (पुण्याहून एक वाचक, वय 52)

या पत्राची मी वाटच पाहत होते. हा अठरावा भाग, 'स्पीक लाइक अ चाइल्ड', माझा सगळ्यात आवडता.

आधी गोष्ट. फेच्या नावाने एक पार्सल येतं. तिला वाटतं कर्जवाले असतील, म्हणून ती पळून जाते. आत एक व्हिडिओ कॅसेट, बीटामॅक्स या जुन्या पद्धतीची. ती चालवायचं यंत्र सहज मिळत नाही. स्पाइक आणि जेट ओसाड पृथ्वीवर जातात, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या इमारतीत उतरतात, जीव धोक्यात घालून एक यंत्र वर आणतात, आणि ते निघतं व्हीएचएस या दुसऱ्याच पद्धतीचं! कॅसेट आत जातच नाही. मग दुसरं पार्सल येतं आणि त्यात बीटाचं यंत्र असतं.

पाठवलं कुणी, हे मालिकेत सांगितलेलं नाही. कॅसेट शाळकरी फेने मोठेपणीच्या स्वतःसाठी करून ठेवली होती, एवढंच कळतं. मधल्या काळात फे अपघातात सापडली, 54 वर्षं गोठवलेल्या अवस्थेत राहिली, आणि जागी झाली तेव्हा तिला स्वतःबद्दल काहीच आठवत नव्हतं. पत्ता नाही, नातेवाईक नाहीत, जुनं जग नाही. तरीही पार्सल पोचलं. माझं मत सांगते: पाठवणारा कुणी एक माणूस नाही. कुणीतरी एकदा जबाबदारी घेतली, मग ती एका टपालखात्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि कुणीच पार्सल फेकून दिलं नाही. मला ते असंच असावं असं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही हिशोब अचूक मांडला आहे. 2071 मध्ये फेचं कागदोपत्री वय 77, म्हणजे जन्म 1994 चा, म्हणजे ही कॅसेट 2005 ते 2008 च्या सुमारास भरलेली असणार. बीटामॅक्स सोनीने 1975 मध्ये आणलं, पुढच्याच वर्षी जेव्हीसीचं व्हीएचएस आलं आणि हळूहळू त्याने बाजार खाल्ला. सोनीने बीटाची यंत्रं बनवणं 2002 मध्येच थांबवलं, कोऱ्या कॅसेटी मात्र 2016 पर्यंत निघत होत्या. तेव्हा 2006 ची शाळकरी मुलगी बीटावर का रेकॉर्ड करेल? हिशोबाने पटत नाही, हे मान्य. पण 1998 च्या आसपास काम करणाऱ्या त्या लेखकांना हरलेलं यंत्र हवं होतं. जिंकलेल्या यंत्राची कॅसेट कुणीही लावून दिली असती.

इथे मला माझं थोडं सांगू द्या. माझे बाबा 1986 पासून मस्कतला होते. फोन महाग, पत्राला दिवस लागायचे, म्हणून आई कॅसेट भरायची. टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवायचा, लाल बटण दाबायचं, आणि मला पुढे ढकलून म्हणायचं, "बोल गं, बाबा ऐकतायत." सुट्टीवरून परत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट जायची. बाबा कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अशा अकरा कॅसेटी होत्या. घरातला टेपरेकॉर्डर तोवर बंद पडलेला. 2011 मध्ये मी तो पुण्याला आणला आणि बुधवार पेठेत दुकानं पालथी घातली. तिघांनी हात जोडले. चौथ्या दुकानातल्या काकांनी नवा रबरी पट्टा घातला, कॅसेटीच्या भोकात पेन्सिल घालून सैल झालेली फीत ताणून घेतली आणि दुकानातच लावून दाखवली.

एक मुलगी बेचा पाढा म्हणत होती. बे साते चौदा नंतर अडली, मागून आईने सांगितलं, मग पुढे गेली. पाढा संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुमच्याकडे पाऊस आहे का? आमच्याकडे खूप आहे." आणि तो मागे कौलांवर ऐकूही येत होता. मला यातलं काही, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. काकांनी विचारलं, "मुलगी कोण?" आणि मला "मी" म्हणायला वेळ लागला.

फे कॅसेट बघते तेव्हा पडद्यावरची मुलगी दोन्ही हात उडवून स्वतःलाच जोर देत असते, हरू नकोस म्हणून ओरडत असते. सोफ्यावर बसलेली फे हळू आवाजात म्हणते की मला हे आठवत नाही. बाकीचे काही बोलत नाहीत. संगीतही तिच्या अंगावर येत नाही. जिथे दुसऱ्या कुणी तिला रडवलं असतं तिथे भाग संपतो. केइको नोबुमोतो या मालिकेच्या मुख्य लेखिका होत्या, डिसेंबर 2021 मध्ये त्या गेल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मी हाच भाग लावला होता.

ज्युलियाबद्दल इतकं कमी का सांगितलं आहे? (ठाणे)

इथे मी मालिकेच्या बाजूने बोलणार नाही. स्पाइक आणि त्याचा जुना साथीदार, आता वैरी झालेला व्हिशस, या दोघांचं आयुष्य जिच्यावरून फिरलं, ती आपल्याला दिसते ती पावसात, दारात, पाठमोरी. फाडलेलं पत्र दिसतं, चिखलात पडलेली फुलं दिसतात. ती काय खाते, कशावर चिडते, एकटी असताना काय करते, काही नाही. फेला पत्त्यांचा नाद, जेटला बोन्साय, एडला अनवाणी फिरायची सवय. ज्युलियाला तिची अशी एकही गोष्ट दिलेली नाही. कुणी म्हणतात ती स्पाइकच्या आठवणीतली आहे म्हणून धूसर. पण पंचविसाव्या भागात ती खरी समोर येते, गाडी चालवते, गोळ्या झाडते, तरी धूसरच राहते. ही उणीव आहे.

मालिका टीव्हीवर अर्धीच दाखवली होती, हे खरं का? (नाशिक)

खरं. टीव्ही तोक्यो या वाहिनीवर एप्रिल ते जून 1998 मध्ये निवडक भागच दाखवले गेले, आणि शेवटी इकडचे तिकडचे तुकडे जोडून केलेला एक खास भाग, ज्यात खरी मालिका तुम्हाला कधीतरी दिसेल असं वचन होतं. तो भाग नंतर कुठल्याच संचात आला नाही. सगळे 26 भाग वाउवाउ (WOWOW) या वाहिनीवर ऑक्टोबर 1998 ते एप्रिल 1999 मध्ये दिसले.

फ्रिजमधल्या भागाबद्दल काहीतरी लिहा ना! (हॉस्टेलवरची मुलं, औरंगाबाद)

अकरावा भाग. वर्षभरापूर्वी फ्रिजमध्ये ठेवून विसरलेला गॅनिमीडचा लॉब्स्टर सडून सडून जिवंत होतो आणि एकेकाला चावत सुटतो. तुमचा फ्रिज आज रिकामा करा, आणि मग लिहा.

आइन इतका हुशार आहे हे जहाजावर कुणालाच कसं कळत नाही? आणि एड त्यांना सोडून का जाते? मला खूप वाईट वाटलं. (इयत्ता सहावी, चिपळूण)

आइन प्रयोगशाळेत तयार झालेला 'डेटा डॉग' आहे, त्याची किंमत प्रचंड, पण या मंडळींना तो फक्त एक खायला मागणारा कुत्रा वाटतो. तेविसाव्या भागात तो एकटा मोठं कॉम्प्युटरचं काम करून टाकतो. मला वाटतं, कुणी त्याची किंमत करत नाही म्हणूनच तो तिथे राहिला असेल.

एडचं उत्तर चोविसाव्या भागात आहे, 'हार्ड लक वूमन'. त्यात फेला तिची जुनी जागा सापडते. घर उरलेलं नाही, नुसते अवशेष. ती काठीने जमिनीवर एक चौकोन आखते, जिथे तिचा पलंग होता तिथे, आणि त्यात आडवी होते. एडला मात्र तिचे बाबा सापडतात, आणि ते लगेच पुन्हा निघूनही जातात. फे तिला सांगते, आपली माणसं असतात ती जागा सगळ्यात चांगली. एड ते मनावर घेते, बाबांच्या मागे निघते. आइन आधी थांबतो आणि मग तिच्या मागे धावतो. जाण्याआधी तिने जहाजाच्या डेकवर मोठ्ठा हसरा चेहरा काढून ठेवलेला असतो.

तुला वाईट वाटलं, मलाही वाटलं होतं. यानंतरचं दृश्य पुन्हा एकदा बघ. जेटने सगळ्यांसाठी अंडी उकडली आहेत. तो आणि स्पाइक समोरासमोर बसतात, एक शब्द बोलत नाहीत, आणि आपली अंडी संपल्यावर फेची आणि एडचीही तोंडात कोंबत राहतात.