कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावरून गेलेला स्फोट

प्रश्न : 9 ऑक्टोबर 2022 ला आजवरचा सर्वांत प्रखर गॅमा किरण स्फोट नोंदला गेला, असं आमच्या आठवीच्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी लिहून आणलं. त्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, स्फोट काही मिनिटांत संपला, मग दुर्बिणी नंतर कितीतरी दिवस काय शोधत होत्या? आणि एवढ्या आकाशात तो सापडला कसा?" मला नीट सांगता आलं नाही.
— विज्ञान शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, त्या मुलीला आधी एक गोष्ट सांगा. तो रविवार होता आणि त्या दिवशी कोजागिरी होती. संध्याकाळी 6 वाजून 47 मिनिटांनी फर्मी उपग्रहावरच्या उपकरणानं पहिला ठोका नोंदवला आणि मुख्य भडका त्यानंतर तीन-चार मिनिटांनी उडाला. आपल्याकडे सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, गच्च्यांवर दुधाची तयारी चालली असेल. मी हिशेब करून पाहिला. स्फोटाची जागा त्या वेळी महाराष्ट्राच्या जवळजवळ खमध्यावर, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूवर होती. वाईहून खमध्यापासून तीनेक अंशांवर, मुंबईहून दोन अंशांच्याही आत. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की झाकलं जाईल, एवढंच अंतर. 1.9 अब्ज वर्षांपूर्वी निघालेले किरण बरोबर आपल्या डोक्यावर येऊन आदळले, वातावरणाच्या वरच्या थरांनी ते शोषून घेतले, पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, मोजता येईल एवढी खळबळ झाली आणि खाली कुणाला काही कळलं नाही. ही तारीख मला दर कोजागिरीला आठवते.

आता प्रश्नाकडे. गॅमा किरण टिपणारं उपकरण 'कधी' ते फार नेमकं सांगतं, सेकंदाच्या छोट्या अंशापर्यंत. 'कुठे' हे मात्र त्याला बरेचदा ढोबळच कळतं. दृश्य प्रकाश आपण आरशानं एका बिंदूत गोळा करतो, तसे गॅमा किरण गोळा होत नाहीत. ते आरशातून आरपार जातात. त्यामुळे फर्मीसारख्या उपग्रहाकडून येणारी जागा कित्येक अंशांची असते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे त्या चकतीत कितीतरी चंद्र मावतील. तेवढ्या आकाशात तारे आणि दीर्घिका लाखोंनी.

आपल्या ॲस्ट्रोसॅटचं उदाहरण घेऊ. 28 सप्टेंबर 2015 ला हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, ते घडवण्यात मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा आहे. त्यात अडीच मिलिमीटरच्या 16,384 चौकटी आहेत, चार भागांत विभागलेल्या. ते बनवलं समोरच्या आकाशासाठी. पण किरणांची ऊर्जा शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) वर गेली की उपकरणाच्या भिंती पारदर्शक होतात आणि बाजूनं, तिरकं आलेलंही त्याला जाणवतं. 6 ऑक्टोबर 2015 ला ते सुरू झालं आणि त्याच दिवशी पहिला स्फोट त्यात नोंदला गेला. 22 नोव्हेंबर 2023 ला 600वा. पडद्यावर हे कसं दिसतं, ते मुलांना फळ्यावर काढून दाखवा. दर सेकंदाला किती कण आले, याची एक खडबडीत आडवी रेघ असते, दंतुर, शेतातल्या ढेकळांसारखी. मध्येच एक सुळका उठतो. तो चारही भागांत एकाच क्षणी उठला तर स्फोट. एकाच भागात उठला तर उपकरणातला गोंगाट, सोडून द्यायचा.

पण सुळक्यावरून अंतर कळत नाही. 2 जुलै 1967 ला अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी पहिला स्फोट नोंदवला. ते उपग्रह चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी सोडलेले होते. ही नोंद 1973 साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ पाव शतक खगोलशास्त्रज्ञांत वाद चालू होता : हे आपल्या आकाशगंगेभोवतीचं काही आहे, की विश्वाच्या दुसऱ्या टोकाचं? एप्रिल 1995 मध्ये वॉशिंग्टनला त्यावर जाहीर वादसभा झाली, बोहदान पाचिन्स्की एका बाजूला आणि डॉन लॅम्ब दुसऱ्या. निकाल लागला नाही, कारण 'कुठे' हे कुणाकडेच नव्हतं.

तो निकाल लावणारा प्रकाश म्हणजे आफ्टरग्लो, तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलेलं 'नंतर शोधत होते ते'. प्रचंड वस्तुमानाचा तारा आतल्या आत कोसळतो, त्यातून प्रकाशाच्या जवळपास वेगानं पदार्थाचा झोत सुटतो. गॅमा किरण त्या झोतातूनच येतात. पण झोत तिथं थांबत नाही. ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत तो घुसतो, समोरचा वायू दाबत, तापवत पुढे जातो आणि त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरताना प्रकाश टाकतात. आधी क्ष-किरण, त्यासोबत दृश्य प्रकाश, नंतर रेडिओ लहरी. भडका मिनिटांत संपतो. ही धग दिवस, आठवडे राहते, पण सतत उतरत जाते.

पहिली धग कशी सापडली ते मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. 28 फेब्रुवारी 1997. इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहानं मृग तारकासमूहात एक स्फोट टिपला आणि जागा दिली ती थोड्या कलांपर्यंत नेमकी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ॲमस्टरडॅममध्ये यान व्हान पॅराडाइस यांच्या हाताखाली टायटस गलामा आणि पॉल ग्रूट हे दोघे पीएच.डी. करत होते. ला पाल्मा बेटावरच्या 4.2 मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्या जागेचा फोटो स्फोटानंतर साधारण 21 तासांनी निघाला. त्यात ठिपकेच ठिपके. कुठला आपला? 8 मार्चला पुन्हा फोटो निघाला. दोन्ही शेजारी ठेवले, आणि पहिल्यात 21.3 प्रतीचा असलेला एक ठिपका दुसऱ्यात नव्हता (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद). तोच. पहिल्या फोटोत तो आठ दिवस पडून होता, कुणालाही न ओळखता.

त्यानंतर दहाच आठवड्यांनी 8 मेचा स्फोट आला. त्याच्या धगीचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग अलग करून घेतलेली नोंद, हवाईतल्या केक दुर्बिणीनं घेतला. ते काम करणाऱ्या अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या गटात मूळ कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते. वर्णपटात लोखंड आणि मॅग्नेशियमच्या रेषा लालकडे सरकलेल्या, ताम्रसृती, म्हणजे या सरकण्याचं माप, 0.835. जास्त सरकणं म्हणजे जास्त अंतर. प्रकाश सुमारे सात अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. पाव शतकाचा वाद त्या काही रेषांवर मिटला. म्हणून आम्ही धगीच्या मागे धावतो : जागा नेमकी कळली की वर्णपट, वर्णपट मिळाला की अंतर, आणि अंतर कळल्याशिवाय ऊर्जा सांगताच येत नाही.

'सापडतं कसं' याचं खरं उत्तर आहे जुना फोटो. संशोधन करत असताना मी सह्याद्रीतल्या एका टेकडीवरच्या दुर्बिणीवर रात्रपाळ्या केल्या आहेत. ट्रिगर, म्हणजे उपग्रहाकडून स्फोटाची सूचना, आला की फोन वाजायचा, उपग्रहानं दिलेल्या जागेवर दुर्बीण वळवायची, पाच-पाच मिनिटांचे फोटो घ्यायचे. मग आपला फोटो आणि जुन्या आकाश-सर्वेक्षणातला त्याच भागाचा फोटो पडद्यावर आलटून पालटून दाखवायचे, भराभर. तारे जागेवर बसलेले राहतात. जे उघडझाप करतं, ते नवीन. एका डिसेंबरात पहाटे तीनच्या सुमारास एक ठिपका असा लुकलुकला. जुन्या फोटोत तिथं काहीच नव्हतं. माझे हात थरथरत होते. मी जाहीर करायचा मजकूरही लिहायला घेतला. आमच्या सरांनी फोनवर एकच विचारलं, "अर्ध्या तासानं परत घेतलास का?" घेतला. ठिपका दोन विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकलेला होता. लघुग्रह. धग कधी सरकत नाही, ती फक्त मंदावते. त्या रात्रीपासून लघुग्रहांची यादी तपासल्याशिवाय मी कुणाला काही कळवलेलं नाही.

कधी कधी गोष्ट उलटी होते. 4 जानेवारी 2017 ला लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेनं एक लहर टिपली. तिच्या उगमाची जागा शोधताना हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला त्याच भागात एक मंदावणारा ठिपका दिसला. लहरीचा प्रकाश मिळाला की काय, अशी मोठी आशा निर्माण झाली. इथे 'कुठे' हातात होतं, 'कधी' नव्हतं. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटची नोंद तपासली, तर 5 जानेवारीला, लहरीनंतर वीसेक तासांनी, एक वेगळाच गॅमा स्फोट त्यात सापडला. तो ठिपका त्याची धग होती, लहरीचा तिच्याशी संबंध नाही. एक चूक दुरुस्त झाली, ती आपल्या उपग्रहामुळे. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

आणि कोजागिरीचा स्फोट? फर्मीनं 'कधी' सांगितलं, पण स्विफ्ट हा जागा नेमकी सांगणारा उपग्रह त्या वेळी पृथ्वीच्या आड होता. 7 वाजून 40 मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा नुसती धगच एवढी प्रखर होती की त्याला तोच नवा स्फोट वाटला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला अगदी लागून, त्यामुळे सुरुवातीला आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा भडकला असावा असा समज झाला आणि नावही तसंच पडलं. दोन्ही नोंदी जुळवल्यावर उलगडा झाला. आकाशगंगेतली धूळ आड आल्यानं दृश्य प्रकाश फार मंद झाला होता, स्विफ्टला तो साडेसोळाव्या प्रतीचा दिसला, वर पौर्णिमेचं चांदणं. तरी जगभरच्या दुर्बिणींनी तो पकडला, लडाखमध्ये हान्लेच्या 0.7 मीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीनंही. जागा मुलांना दाखवायची असेल तर ऑक्टोबरात अंधार पडताच श्रवण आणि अभिजित शोधा, दोघांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि श्रवणापासून साधारण दोन-पंचमांश अंतरावर थांबा.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या खगोल मंडळाकडे आठ इंची दुर्बीण आणि तिला जोडायचा कॅमेरा आहे. त्यातून आफ्टरग्लो दिसेल का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, लातूर

उत्तर : दिसेल, पण डोळ्यानं नव्हे, कॅमेऱ्यानं, आणि लवकर पोहोचलात तरच. धग साधारणपणे वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरते. वेळ दसपट झाली की प्रकाश एक-दशांश, म्हणजे अडीच प्रतींनी मंद. समजा मिनिटाला ती 14 प्रतीची आहे. दहा मिनिटांनी 16.5. शंभर मिनिटांनी 19. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 21.5. अंधाऱ्या आकाशात पाच-पाच मिनिटांचे फोटो एकत्र जोडून तुमचा कॅमेरा 17-18 प्रतीपर्यंत जाईल. म्हणजे तुमच्या हातात पहिला अर्धा-पाऊण तास आहे.

क्वचित नशीब फार उदार असतं. 23 जानेवारी 1999 चा स्फोट अमेरिकेतल्या लॉस अलामोसला कॅमेऱ्याच्या चार टेलीफोटो लेन्स बसवलेल्या रोत्से नावाच्या यंत्रानं 22 सेकंदांत गाठला आणि तो नवव्या प्रतीपर्यंत चढला, बायनॉक्युलरमधून दिसेल एवढा. 19 मार्च 2008 ला भूतप तारकासमूहातला एक तर साडेपाचव्या प्रतीहूनही तेजस्वी झाला. साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरची वस्तू अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी! आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. आणि हौशी माणसाला यात जागा आहे का, असं वाटत असेल तर फिनलंडचे आर्टो ओक्सानेन हे हौशी निरीक्षक लक्षात ठेवा. 2007 च्या ऑक्टोबरात एका स्फोटाची धग सगळ्यांत आधी त्यांना सापडली.

जीसीएन ही स्फोटांच्या सूचना पाठवणारी व्यवस्था सगळ्यांना मोफत खुली आहे, मंडळाच्या नावानं नोंदणी करा. फर्मीच्या सूचनांमागे धावू नका, ती चकती तुमच्या फोटोत मावणार नाही. स्विफ्टची जागा आली तरच उठा. 2024 मध्ये गेलेले आइनस्टाइन प्रोब आणि एसव्हीओएम हे उपग्रहही आता जागा देतात. पहिले फोटो घेऊन झाल्यावर आवरू नका, अर्ध्या तासानं पुन्हा घ्या, कारण वर सांगितलं आहे. काही दिसलं नाही तरी फोटो फेकू नका. 'या वेळी या जागी 17.5 प्रतीपेक्षा तेजस्वी काही नव्हतं' हेही निरीक्षणच असतं आणि मोठ्या दुर्बिणीवाले ते वापरतात. धग धुळीमागे दडली होती की मुळातच मंद होती, हे ठरवायला अशाच नोंदी लागतात.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आजच इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवून घ्या. प्रत्येक फोटोची सुरुवात सेकंदापर्यंत लिहा, जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून.