वाचकांचे प्रश्न : चिंतामणराव देशमुखांची मते कोणाकडे गेली?

प्रश्न (रोहा येथील एक वाचक) : १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमच्या भागातले चिंतामणराव देशमुख उभे होते. त्यांनी मते खाल्ली म्हणून नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात. हे खरे आहे का? आणि ज्यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती, ते रेड्डी पडले तरी कसे?

उत्तर : आपल्या वडीलधाऱ्यांचा चिंतामणरावांविषयीचा जिव्हाळा मी समजू शकतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसाने मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मात्र ‘मते खाल्ली’ हा हिशेब विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुकीत लागू पडतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तो तसा लागू पडत नाही, कारण तेथे मतदार एका नावापुढे शिक्का मारत नाही, तर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. उमेदवार बाद झाला, तरी त्याला मिळालेली मतपत्रिका वाया जात नाही. तिच्यावरची पुढची पसंती ज्याची असेल, त्याच्याकडे ती जाते.

नागरिकशास्त्र शिकवत असताना मी या निवडणुकीचे आकडे फळ्यावर मांडत असे. तेच येथे मांडतो. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ होते, म्हणजे विजयासाठी ४,१८,१६९ चा कोटा हवा होता. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. रेड्डी जवळजवळ ८८ हजारांनी मागे होते. एकूण १५ उमेदवारांपैकी तळाचे एकेक बाद होत गेले, अखेर देशमुखही बाद झाले आणि सर्व मतांची फेरवाटणी झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर, तर रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. या फेरवाटणीत गिरींच्या पदरात साडेअठरा हजार मते पडली आणि रेड्डींच्या पदरात जवळपास ९२ हजार. तेव्हा देशमुखांच्या मतदारांनी रेड्डींना पाडले नाही. उलट त्यांनीच रेड्डींना विजयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. शेवटचे अंतर १४,६५० चे असल्यामुळे गिरींच्या बाजूच्या अवघ्या १३ खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना वरची पसंती दिली असती, तर निकाल फिरला असता. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प होत असे.

आता रेड्डी मागे का पडले, ते पाहू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. जुलैमध्ये बंगळूरला भरलेल्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींना पसंत असलेले जगजीवनराम यांचे नाव बाजूला सारून रेड्डींचे नाव बहुमताने ठरवले. पुढच्या काही दिवसांत घटना फार वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले, १९ जुलैला वटहुकूम काढून १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २० जुलैला गिरींनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उमेदवारी पुढे नेली. त्यामुळे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काही आठवडे राष्ट्रपतिपद सांभाळावे लागले.

माझ्या मते रेड्डींचा पराभव ठरला तो यानंतर. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र या पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली. हे दोन्ही पक्ष देशमुखांचे पाठीराखे होते आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी, असा निजलिंगप्पांचा प्रयत्न होता. गणित म्हणून हे चुकीचे नव्हते, हे वरचे आकडे सांगतातच. पण दुसरी पसंती मिळवण्याच्या या धडपडीमुळेच पहिली पसंती हातची गेली. ‘पक्षाध्यक्षच विरोधकांशी हातमिळवणी करत असतील, तर आम्हाला पक्षशिस्त कशाला सांगता?’ असे विचारण्याची संधी पंतप्रधानांच्या गटाला मिळाली. इंदिरा गांधींनी रेड्डींसाठी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले. कम्युनिस्ट, द्रमुक आदी पक्ष गिरींच्या मागे होतेच. त्यांना फुटलेल्या काँग्रेसजनांची जोड मिळाली. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला निकाल लागला आणि २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली.

निकालाने प्रकरण संपले नाही. निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक मतदारांत वाटले गेले, ही त्यातली मुख्य तक्रार होती. राष्ट्रपती असलेल्या गिरींनी स्वतः न्यायालयात येऊन साक्ष दिली, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते. १९७० मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

प्रश्न (कराड येथील एक वाचक) : यशवंतराव चव्हाण या प्रकरणात नेमके कोणत्या बाजूला होते?

उत्तर : बंगळूरच्या बैठकीत ते रेड्डींच्या बाजूने होते. प्रत्यक्ष मतपत्रिका गुप्त असते, त्यामुळे तिच्याविषयी बोलणे योग्य नाही. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढल्यावर काँग्रेस दुभंगली, तेव्हा यशवंतराव इंदिरा गांधींबरोबर राहिले आणि १९७० मध्ये त्यांच्याकडे अर्थखाते आले. या फिरण्यावरून त्यांना बरेच बोल लावले गेले. मला ते बोल थोडे कठोर वाटतात, कारण बंगळूरमध्ये प्रश्न एका उमेदवाराचा होता, तर नोव्हेंबरमध्ये पक्ष कोणाचा हा प्रश्न होता.

प्रश्न (सांगली येथील एक वाचक) : आमदार-खासदारांना आजही राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाविरुद्ध मत देता येते का?

उत्तर : येते. या निवडणुकीत पक्षादेश लागू करता येत नाही आणि मतदान गुप्त असते. २०२२ मध्ये खासदारांना हिरवी आणि आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळाली, जांभळ्या शाईचे पेनही आयोगाकडूनच मिळाले. दुसऱ्या पेनाने लिहिलेले मत बाद. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या ५,०४,१२,२३५ लोकसंख्येला २८८ ने आणि मग १००० ने भागले की ते मिळते.

बदल झाला तो उमेदवारीच्या अटींत. १९६९ मध्ये १५ जण रिंगणात होते. १९७४ मध्ये कायदा बदलून १० सूचक आणि १० अनुमोदक आवश्यक केले गेले. १९९७ पासून ते ५० आणि ५० झाले. १९७४ नंतरच्या या अटींखाली १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले, छाननीत एकच अर्ज टिकला आणि ती निवडणूक बिनविरोध झाली. तो अर्ज नीलम संजीव रेड्डी यांचा होता.