डेक्कन क्वीनच्या प्लॅटफॉर्मला जुनी माणसं कुठून आणायची?

प्रश्न : मी एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकारात) १९३० सालच्या पुणे स्टेशनचं रेल्वे मॉडेल करतोय, डेक्कन क्वीन नवीन सुरू झाली तेव्हाचं. बिल्डिंग झाली, प्लॅटफॉर्म झाला, पण माणसंच मिळेनात. ऑनलाइन बघावं तर पाठीवर सॅक अडकवलेले टुरिस्ट नाहीतर जीन्समधली पोरं. नऊवारीतल्या बायका, धोतरवाले, हमाल कुठे मिळतील?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : तयार मिळतील म्हणून थांबून राहू नका, ही माणसं आपल्यालाच घडवावी लागतात आणि खरं सांगते, लेआउटमधलं, म्हणजे रेल्वेच्या मॉडेलमधलं, सगळ्यात मजेचं काम हेच आहे. आधी प्लॅटफॉर्मवर कोण कोण असेल ते ठरवा. १ जून १९३० ला गाडी सुरू झाली तेव्हा तिला फक्त फर्स्ट आणि सेकंड क्लास होते, थर्ड क्लास आला थेट १९५५ मध्ये, म्हणजे डब्याच्या दाराशी सोला हॅटवाले साहेब, पारशी कुटुंबं, पगडीतले वकील अशी मंडळी हवीत, बोचकी घेतलेली गर्दी दाखवायचीच तर दुसऱ्या गाडीची वाट बघत लांब बसवा.

साहेब-मडमांसाठी जर्मनीच्या प्रायझर कंपनीच्या जुन्या पोशाखातल्या फिगर्स (छोट्या तयार माणसांच्या प्रतिकृती) चालतील, पण त्यातल्या १९०० च्या आसपासच्या बायकांचे झगे पार जमिनीपर्यंत असतात आणि तीस साली स्कर्ट पोटरीपर्यंत वर आलेले होते, तेव्हा तेवढं कापा.

नऊवारीसाठी मात्र झगेवाली घेऊच नका, पँटमधली फिगर घ्या, कारण काष्ट्यात दोन्ही पाय वेगळे दिसायला हवेत. टिश्यू पेपरची पट्टी पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून एकेका पायाला गुंडाळायची, मागे काष्टा खोचल्यासारखी चिमट्याने दाबायची, मग दुसऱ्या पट्टीचा पदर, आणि अंबाडा पुट्टीचा. वाळलं की कडक होतं, रंग छान बसतो. धोतरही असंच.

सगळ्यात जास्त मेहनत डोक्यावर घ्या, त्या काळात बोडक्या डोक्याने फारसं कोणी घराबाहेर पडत नसे, आणि एवढ्याशा फिगरमध्ये काळ ओळखू येतो तो टोपीवरूनच. फेट्याला शिवणाच्या दोऱ्याचे तीन-चार वेढे पुरतात, पगडी पुट्टीची. मिठाच्या सत्याग्रहाचं साल आहे, गांधी टोप्याही हव्यातच! हमालाला मुंडासं आणि दंडावर पितळी बिल्ला, म्हणजे सोनेरी रंगाचा एक ठिपका.

ऑर्डर करताना स्केल नीट बघा, साडेपाच फुटी माणूस एचओमध्ये १९ मिमी होतो आणि ओओ या थोड्या मोठ्या स्केलमध्ये २२, एका बाकावर शेजारी बसवले की लगेच खटकतं. धोतराला पांढराशुभ्र रंग नको, किंचित पिवळसर घ्या आणि वरून मॅट वार्निश मारा, चकाकणारा माणूस प्लॅस्टिकचाच दिसतो. चाकांच्या बॅगा असतील तर कापून टाका, त्याऐवजी ट्रंका आणि टिश्यूच्याच वळकट्या करा.